पाच नंबर

दसऱ्याचं सोनं अजून देव्हाऱ्यात सुकतंय
आणि कारखान्याच्या बॉयलरची पहिली राख
आज माझ्या दोरीवर उतरली.
कनकच्या शाळेच्या पांढऱ्या बाहीवर
काळी, हलकी.
फुंकली तर जाते,
चोळली तर राहते.

म्हणजे पंधरा दिवस उरले.
मग विक्रांतची वजनकाट्यावर रात्रपाळी,
मग रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या,
आणि सकाळी सातला दारात उभा एक माणूस
ज्याला चहा आधी की झोप आधी
हे ठरवता येत नाही.

तोवर ऑक्टोबर आमचा.
दुपारी पत्रा तापून टण् टण् वाजतो,
पहाटे गोधडी कुणी ओढली
यावरून तिघांत भांडण.

काल गाडी पुसता पुसता तो म्हणाला,
हे फडकं झकास आहे, पाणी पितं.
बघते तर माझी जर्सी.
नवरत्न क्रीडा मंडळ, कसबे डिग्रज.
पाचाचं नुसतं पोट उरलेलं.
मी काही बोलले नाही.
त्यानंच उलटून आकडा बघितला
आणि गाडी अर्धी ओली ठेवून
ते फडकं दोनदा पिळलं,
झटकून दोरीवर घातलं, दोन चिमटे लावून.

हा बावचीचा माणूस.
बावची म्हणजे वीर बालक.
सुपारी फुटायच्या आधी माझ्या भावानं
त्याला पहिलं तेच विचारलं होतं,
कुठल्या मंडळाचा?
पगार नंतर.

तेव्हा मैदान मातीचं होतं.
संध्याकाळी टँकरनं पाणी मारायचे,
फक्कीची रेघ तिसऱ्या चढाईला पुसायची,
आणि बोनस झाला की नाही
यावर दोन गावं आठ-आठ दिवस
एकमेकांच्या टपरीवर चहा प्यायची नाहीत.
त्या मातीतला एक खडा माझ्या गुडघ्यात आहे.
थंडी कधी पडणार
हे त्याला रेडिओच्या आधी कळतं.

निवृत्तीमास्तर रेघेबाहेरून ओरडायचे,
उजे, दम सोडू नको!
मिरजेला कनकच्या वेळी
नर्स म्हणत होती, श्वास सोडा, बाई, सोडा,
आणि मी धरूनच.
कधी सोडायचा, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

रविवारी आष्ट्यात मुलींची फायनल होती.
डिग्रज विरुद्ध बावची.
निळी-पिवळी मॅट, दिव्यांवर किडे,
मुलींच्या पायात बूट,
आमच्या पायात नुसती माती असायची
असं मी दोनदा म्हणाले,
तिसऱ्यांदा त्यानंच म्हणून टाकलं.
सवयीनं तो त्या टोकाला गेला, मी या.
मधे दोरीला धरून कनक,
एका हातात भडंगाचा पुडा.

आमची पोरगी कोपऱ्यात अडकली,
चौघींनी दाबली.
पलीकडून त्याचं "धरा!" मला ऐकू आलं.
नवऱ्याचा तो आवाज घरात कधी ऐकला नाही.
मीही जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि कनक?
ती टाळ्या वाजवत होती
बाद होऊन मागं रांगेत बसलेल्या मुलींसाठी.
दोन्हीकडच्या.
अगं, त्या आऊट आहेत, मी सांगितलं.
म्हणाली, म्हणूनच.
त्यांच्याकडं कोण बघतंय?
मग एक शेंगदाणा शोधून काढला आणि खाल्ला.

तीन मिनिटं उरली असताना ती झोपली.
एकतीस-एकतीस.
त्यानं मान खांद्यावर घेतली, मी चपला.
मागं शिट्टी वाजली, मग एकच गलका,
कुणाचा ते अंधारात कळेना.
गाडीवर तिघं. उसाच्या तुऱ्यांवरून गार वारं,
आणि त्याच्या पाठीला टेकलेला माझा गाल.
खिशात त्याचा फोन थरथरला,
पर्समध्ये माझा.
भाऊ असेल. किंवा त्याचा चुलता.

बघ की, तो म्हणाला.
तू बघ, मी म्हणाले.
दोन्ही फोन वाजून वाजून थांबले.

घरी आल्यावर अंधारातच दोरीवरून जर्सी काढली.
राख असेल म्हणून आधी फुंकली.
गाडीचं फडकं आता नवं लागेल,
उद्या बाजारात आठवण कर, म्हटलं.
तो झोपला होता, चपलांसकट.